चिकाच्या पडद्यापुढं

माझं पोट हे आमच्या घरातल्या सगळ्या बायकांचं पोट होतं. हसू नका, अगदी सरळ अर्थानं सांगतेय. आईला पित्त झालं की डॉक्टरांची बोटं माझ्या बरगड्यांखाली फिरायची, जिजीआत्याची कंबर धरली की माझे मणके चाचपले जायचे, कुणाच्या गळ्याशी गाठ आली की मान माझी वर व्हायची. झाशीत लक्ष्मी गेटच्या आतल्या गल्लीत आमचं घर. पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहिलेली मराठी माणसं आम्ही. रस्त्यावर हिंदी बोलायची, दारात बुंदेली ऐकायची आणि उंबरठ्याच्या आत आलं की मराठी. अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीत हेडक्लार्क. आवाज कधी चढवायचे नाहीत, पण त्यांच्या एका नियमापुढं घरात कुणाची टाप नव्हती. बाईमाणसाच्या अंगाला परक्या पुरुषाचा हात लागता कामा नये, मग तो डॉक्टर का असेना. "आपण इथं मूठभर आहोत," ते म्हणायचे, "आपलं वागणं चारजण बघत असतात." त्या चारजणांच्या बायका खुशाल दवाखान्यात जाऊन तपासून घेत होत्या, पण ते अण्णांना कोण सांगणार!

तर व्यवस्था अशी. बैठक आणि माजघर यांच्या मधल्या दाराला चिकाचा पडदा होता, बांबूच्या बारीक काड्यांचा. आतून बाहेरचं सगळं दिसायचं, बाहेरून आतलं काही नाही. दुखणाईत बाई पडद्याआड पाटावर बसायची. अलीकडे, बैठकीत, मी उभी. तोंड पडद्याकडे, म्हणजे आतल्या बाईला नीट दिसावं. निगम डॉक्टर माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे, फ्रॉकवरूनच दोन बोटं दाबायचे आणि विचारायचे, "यहाँ?" आतल्या बाईनं परक्या पुरुषाच्या कानावर आवाज जाऊ द्यायचा नाही, म्हणून तिनं बांगड्या वाजवायच्या. वाजल्या की जागा सापडली. नाही वाजल्या की बोटं पुढं सरकायची. जिजीआत्या, अण्णांची विधवा बहीण, तिच्या हातात बांगड्या कुठल्या? तिला पळी आणि तांब्या दिलेला असायचा. नाडी बघायची झाली तर पडद्याखालून तेवढा हात बाहेर यायचा, तोसुद्धा पातळ फडक्याखाली. मी अजून 'मोठी' झाले नव्हते म्हणून माझ्या अंगाला हात लागलेला चालत होता. मी मोठी झाल्यावर माझ्या जागी कोण उभं राहणार, याची आईला फार काळजी. माझ्या लग्नाचीही तिनं कधी एवढी काळजी केली नाही.

आता माझ्या गुडघ्याचे व्यायाम घ्यायला एक मुलगा घरी येतो. "आजी, दुखतं कुठं?" असं विचारतो आणि मी बोट ठेवीन तिथंच दाबतो. पहिल्या दिवशी मला एवढं रडू आलं की बिचारा घाबरला. त्याला वाटलं, त्यानंच जोरात दाबलं.

खरं सांगायचं तर तेव्हा मला त्या उभं राहण्याचा तोराच होता. आमच्या घरात गळ्याखाली थेट पोट लागायचं आणि पोटाखाली एकदम पाय. मधल्या कशालाच नाव नव्हतं. शाळेतल्या जीवविज्ञानाच्या बहनजी शरीराचा पाठ आला की पानं उलटून म्हणायच्या, "ये घर पर पढ़ लेना, लड़कियो," आणि घरी तर हे असं. मला जी काही नावं कळली ती निगम डॉक्टरांकडून, तीही हिंदीत. बोट टेकवत ते सांगायचे, "ये जिगर है, बिटिया. ये तिल्ली. और यहाँ नीचे, दाहिनी तरफ, आँत की छोटी-सी पूँछ. किसी काम की नहीं, पर बिगड़ जाए तो जान ले ले." वाईट माणूस नव्हता तो. भिडस्त होता. अण्णांनी दिलेला चहा मुकाट्यानं पिऊन, पडद्याला नमस्कार करून जायचा. भिडस्त डॉक्टर किती भयंकर असतो हे मला पुढं कळलं.

सुमनकाकू आमच्या घरात आली ती नगरकडच्या एका खेड्यातून. माझ्या धाकट्या काकांची, भाऊकाकांची, बायको. सुना देशावरूनच आणायच्या, इथल्या हवेत वाढलेल्या मुली नकोत, हाही अण्णांचाच हट्ट. भाऊकाका मऊरानीपूरला धान्याच्या आढतीत मुनीम होते. रविवारची सुट्टी मिळाली तर बसनं यायचे, नाहीतर नाही. बाकीचे दिवस काकू माजघरात माझ्या शेजारी अंथरूण टाकायची. हिंदीचं अक्षर येत नव्हतं तिला, पण तोंड मिटून बसणं त्याहून येत नव्हतं. आम्हाला म्हणायची, "तुम्ही मराठी बोलता का हिंदीला लुगडं नेसवता गं?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर अशी हसायची की बैठकीत अण्णा खाकरायचे. दारावर भाजीवाली यायची, "काए दुलैया, भटा लै लो," म्हणायची, आणि काकू आतून ओरडायची, "आले गं बाई, कालची वांगी किडकी होती तुझी!" दोघींना एकमेकींचं काय कळायचं देव जाणे, पण सौदा व्हायचा आणि वर मूठभर मिरच्याही मिळायच्या. वरणात ती माहेरचा मसाला टाकायची, जिजीआत्या नाक मुरडायची आणि दोनदा भात घ्यायची. आणि मूल कुठून होतं, पाळी म्हणजे काय, हे मला पहिल्यांदा कुणी सरळ सांगितलं असेल तर काकूनं. उडदाचे पापड लाटता लाटता, लाटणं न थांबवता, जणू पापडखार किती घालायचा तेच सांगतेय. मला ती फार आवडायची. आईपेक्षा जास्त. आता म्हणायला काय हरकत आहे?

पापडांचेच दिवस होते ते. लू सुटलेली, गच्चीवर पाय ठेववत नव्हता, रेल्वे यार्डातल्या शिट्ट्यासुद्धा दुपारच्या मरगळलेल्या वाटायच्या. काकूनं लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "बबे, बेंबीपाशी कळ येतेय गं." मग उठली, मोरीत गेली आणि ओकली. आई आणि जिजीआत्यानं एकमेकींकडं पाहिलं आणि दोघींच्या तोंडावर हसू फुटलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता. संध्याकाळी अण्णा इलाइट चौराह्यावरून कलाकंद घेऊन आले. काकू भिंतीला टेकून घामानं भिजलेली, आणि जिजीआत्या तिच्या तोंडात कलाकंदाचा तुकडा कोंबतेय. "अहो, हे ते नाही," काकू म्हणत होती, "माझी पाळी आत्ताच होऊन गेली." "पहिलटकरणीला काय कळतंय!" आत्या म्हणाली. जळलं मेलं ते कौतुक. काकूनं तुकडा गिळला आणि पुन्हा ओकली, तर तेही शुभलक्षण ठरलं.

दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. कळ आता बेंबीपाशी नव्हती, खाली सरकून उजव्या बाजूला जाऊन बसली होती. ती गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिली. पाय सरळ केला की ओठ चावायची. मी विटेचा तुकडा चुलीत तापवून, फडक्यात गुंडाळून तिला शेक देत होते. उजव्या बाजूला. ती माझा हात धरून तिथंच न्यायची, "इथं बबे, इथं." म्हणजे दुखणं कुठं आहे हे त्या घरात तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं. पूँछ, पूँछ, असं माझ्या डोक्यात सारखं चालू होतं. मी आईला म्हटलं, डॉक्टरांना बोलवा. दुपारनंतर बोलावलं.

काकू कधी पडद्याआड बसली नव्हती. तोवर तिला साधं पडसंही झालं नव्हतं. आई आणि जिजीआत्यानं तिला धरून आणली आणि पाटावर बसवली. बांगड्यांचं सांगितलं. पण एक गोष्ट तिला कुणी सांगितली नाही, कारण सांगायची असते हेच कुणाच्या लक्षात नव्हतं. मी तिच्यासमोर तोंड करून उभी. समोरासमोर दोन माणसं आली की एकीचं उजवं दुसरीच्या डाव्यापुढं येतं. आईला ते सवयीनं कळायचं. बाकीच्यांची दुखणी पित्ताची, घशाची, कंबरेची, मधोमध असलेली. डावं-उजवं करायची वेळच आली नव्हती. डॉक्टरांनी माझ्या पोटावर उजवीकडे खाली दाबलं. "यहाँ?" पडद्याआड शांतता. त्यांनी पुन्हा दाबलं, जरा जोरात. काहीच नाही. मग बोटं डावीकडे नेली, आणि बांगड्या अशा खणखणल्या की मीच दचकले. काकूला वाटलं, सापडलं. तिच्या उजव्या हाताच्या समोर जे होतं ते तिनं आपलं मानलं. तापानं डोळे उघडत नव्हते तिचे, आणखी काय करणार होती ती?

"बाईं तरफ?" डॉक्टर म्हणाले, "पक्का?" बांगड्या पुन्हा वाजल्या.

मी म्हटलं, "नहीं डॉक्टरसाब, काकू का इधर दुखता है. दाहिनी तरफ. मैंने सेंक दिया है." आणि माझाच हात माझ्या उजव्या बाजूला ठेवला.

अण्णा खुर्चीतून उठले. कधीही कुणावर हात न उगारणारा माणूस. त्यांनी माझ्या कानशिलात अशी लगावली की पडदा मला गोल फिरताना दिसला. "तू फक्त उभं राहायचं," ते मराठीत म्हणाले, अगदी हळू. "बाईच्या पोटाची चर्चा परक्या माणसापुढं करतेस? लाज नाही वाटत?" डॉक्टर खाली बघत होते. मग घसा साफ करून म्हणाले, "भाई साहब, लड़की कह रही है तो... एक बार मैं बहूजी को हाथ लगाकर देख लूँ? बस एक बार." अण्णा हसले, घरी आलेल्या पाहुण्याकडे बघून हसतात तसं. "डॉक्टर साहब, आप तो हमारे यहाँ का क़ायदा जानते हैं." झालं! डॉक्टरांना कायदा माहीत होता. डावीकडं दुखतंय म्हणजे मळ साठला असणार, असं म्हणून त्यांनी एरंडेल द्यायला सांगितलं, चहा घेतला आणि पडद्याला नमस्कार करून गेले.

पडद्याआड आई होती. तिला ते समोरासमोरचं कळत होतं. वीट कुठं ठेवली जातेय तेही तिनं बघितलं होतं. पुढं खूप वर्षांनी, अण्णा गेल्यावर, मी तिला विचारलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "ते बोलत असताना मी मध्ये कशी बोलू?" आणि सोलत राहिली. मी त्या दिवशी तिच्याकडं जेवले नाही. आजही मला तिची कीव येत नाही, रागच येतो, आणि तो येऊ नये असं कुणी मला शिकवूही नये.

एरंडेल गरम चहात घालून जिजीआत्यानं काकूचं नाक धरून पाजलं. दुखऱ्या आतड्याला एरंडेल म्हणजे काय, हे आता शाळेतल्या पोरी सांगतील. मी स्वतः जन्मभर जीवविज्ञानाच्याच शिक्षिकेची नोकरी केली आणि एक पान कधी उलटून पुढं गेले नाही. पण सकाळी काय झालं ऐका. सकाळी काकू उठून बसली. कळ थांबली होती. एकदम, दिवा मालवावा तशी. तोंड पांढरं पडलेलं, पण हसली आणि म्हणाली, "बबे, मेतकूट-भात दे गं, वर तूप घाल." आईनं देवापुढं साखर ठेवली. अण्णा कचेरीत जाताना जिजीआत्याला म्हणाले, "बघितलंस? उगाच दवाखान्यात नेऊन चार माणसांत शोभा केली असती." मीसुद्धा आनंदानं नाचले. आतली सुजलेली पूँछ फुटली की कळ अशीच थांबते, घटकाभर. मग सगळ्या पोटात विष पसरतं.

दुपारी तिचं बोलणं तुटक झालं. मी तिच्या पोटावर हात ठेवला तर ते पोळपाटासारखं टणक. भाऊकाका तेवढ्यात मऊरानीपूरहून आले होते, त्यांना अण्णांनी कलाकंदाच्या दिवशीच गोड बातमी कळवली होती. हातात बायकोसाठी चिंचा-आवळे घेऊन आले. त्यांनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि कुणाला न विचारता टांगा आणला. अण्णांनी टांग्याला चादरी बांधायला लावल्या, त्यात आणखी उशीर झाला. गल्लीतल्या बायका दारात आल्या. "काए बिन्नू, का हो गओ?" भाजीवाली मला विचारत होती. मी चादर सारून टांग्यात चढले.

मोठ्या दवाखान्यात पडदेबिडदे काही नव्हते. आईला हिंदी धड येत नव्हती, म्हणून काकूजवळ मला उभं केलं. अण्णा आणि भाऊकाका बाहेर व्हरांड्यात. एक मोठे डॉक्टर आले, त्यांच्यामागं पांढरे कोट घातलेली, नुकती मिसरूड फुटलेली शिकाऊ मुलं. डॉक्टरांनी काकूचं लुगडं बाजूला सारलं, पोट उघडं केलं, एकदा दाबलं आणि मुलांकडं वळून म्हणाले, "आओ, एक-एक करके हाथ रखो. देखो, तख़्ता हो गया है. ऐसा पेट रोज़ देखने को नहीं मिलता." मुलं रांगेत उभी राहिली. एकेक हात पुढं यायचा, दाबायचा, उचलायचा. उचलला की काकूचं सगळं अंग ताठ व्हायचं. एकानं मागच्याला कोपरानं ढोसलं. ज्या पोटाला हात लागू नये म्हणून एवढा आटापिटा केला, त्यावर हातांची रांग लागली होती.

"बबे," काकू म्हणाली, "ही पोरं काय करतायत गं?"

"शिकतायत काकू."

"त्यांना सांग हळू दाबा. दुखतं." मग स्वतःच हात उचलून उजव्या बाजूला ठेवला, आणि ज्यांना मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं त्यांना सांगायला लागली, "इथं दुखत होतं बघा आधी. इथं. मी सारखी सांगत होते." मी भाषांतर केलं. रडत केलं, ओरडून केलं. मोठे डॉक्टर मान हलवत म्हणाले, "दाहिनी तरफ. बिलकुल किताब जैसा केस," आणि मुलांना लिहून घ्यायला सांगितलं.

ऑपरेशनच्या खोलीत न्यायच्या आधीच ती गेली. मी डावीकडच्या निदानाचं सांगितलं तसे मोठे डॉक्टर तावातावानं बाहेर आले आणि अण्णांना विचारलं, "बाईं तरफ किसने कहा था?" अण्णा शांतपणे म्हणाले, "उसी ने कहा था जी. चूड़ी उसी ने बजाई थी." यात एक अक्षर खोटं नव्हतं. भाऊकाका व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते. त्यांनी मोठ्या भावाकडं बघितलं. त्या दिवसापासून आमच्या घराण्यात सुमनकाकूची ओळख एवढीच उरली. नात्यातल्या लग्नांत, बारशांत, नव्या सुनांना जिजीआत्या सांगायची, "बिचारीला डावं-उजवं कळत नव्हतं हो, त्यानं घात झाला." ऐकणाऱ्या च्‌च्‌ करायच्या. एवढी हसरी, एवढी हुशार बाई, भाजीवालीला तिच्याच भाषेत न बोलता गार करणारी, आणि मागं काय ठेवलं तिच्या नावावर, तर हे.

वर्ष सरायच्या आत भाऊकाकांचं दुसरं लग्न झालं. नवी काकूही देशावरचीच, कुसुम नावाची, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. बांगड्यासुद्धा वाजू न देता चालायची. पावसाळ्यात तिच्या पोटात दुखायला लागलं. ती कुणाला बोलली नाही, आईनंच तोंड बघून ओळखलं. निगम डॉक्टरांना निरोप गेला. मी जिन्याखाली जाऊन बसले. हाक आली तरी उठले नाही. मला वाटत होतं, मनापासून वाटत होतं, की आज अण्णा तो पडदा वर करतील. दुसरं काय करणार? माणूस मेलंय घरातलं. मग अण्णा स्वतः मला शोधत आले. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, किती महिन्यांनी, आणि म्हणाले, "चल बाळ, घाबरू नकोस. मी सगळा विचार केला आहे." मी त्यांचा हात धरून बैठकीत गेले.

पडदा खालीच होता. आत पाटावर कुसुमकाकू बसलेली, तिच्या श्वासाचा आवाज येत होता. निगम डॉक्टर खुर्चीवर. मी नेहमीच्या जागी उभी राहिले तेव्हा अण्णांनी मला दोन्ही खांद्यांना धरून हलकेच फिरवलं. तोंड डॉक्टरांकडं, पाठ पडद्याकडं. "ये ऐसे खड़ी रहेगी," ते डॉक्टरांना समजावून सांगू लागले, "आप सामने से दबाइए, ये उसी तरफ़ अपना हाथ पीछे पीठ पर रखेगी. अंदर वाली का दाहिना और इसका दाहिना एक ही रहेगा. अब ग़लती नहीं होगी."

निगम डॉक्टरांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं. मग खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "हाँ भाई साहब, ये तरीक़ा बेहतर है," आणि दोन बोटं माझ्या पोटावर टेकवली.